पावणेचौदा तासांचं विमान

कोथरूड, ११ जानेवारी २०२६

अस्मिताताई,

फोन तुम्ही उचलत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकतं असं मला वाटत नाही. म्हणून मेल लिहिते आहे. मेल न उघडता ठेवून देता येतो. माणसाला तेवढी सोय असावी.

फाल्गुन शुद्ध दशमी यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस येते. आईंचं वर्षश्राद्ध. तुम्ही या असं म्हणण्यासाठी हे लिहीत नाही. मागच्या मार्चमध्ये तुम्ही चौथ्या दिवशी बॅग उचलून निघालात, तेव्हा आप्पा गॅलरीत पाठ करून बसले होते आणि मी दारात उभी होते. 'जेवून तरी जा' एवढंच मला सुचलं. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते. माणूस आईला न बघता परत चाललाय आणि मी जेवणाचं विचारते आहे.

तुम्ही सिंगापूरहून फोन केलात तो सोमवार मी रोज थोडा थोडा तपासते. तुम्ही विचारलंत, "थांबवशील ना?" मी हो म्हटलं. मग बाहेरच्या खोलीत जाऊन आप्पांना सांगितलं, "ताई सिंगापूरला आहेत, रात्री नऊपर्यंत पोचतील." ते म्हणाले, "सिंगापूर वाटेत येतच नाही." आणि आमच्या सृष्टीचा फोन माझ्यापुढे धरला. पुणे ते ऑकलंड, बारा हजार पावणेदोनशे किलोमीटर, प्रवासाचा वेळ पावणेचौदा तास. खाली नकाशा, त्यावर एक सरळ रेघ. रेघ ऑस्ट्रेलियावरून जात होती. सिंगापूर तिच्यापासून बरंच वर, बाजूला.

तुमचे वडील बावीस वर्षं स्वारगेटला एस.टी.चे कंट्रोलर होते हे मी तुम्हाला सांगायला नको. कुठली गाडी कधी सुटणार आणि कधी पोचणार हे त्यांना कोणी शिकवू शकत नाही. तुम्ही रविवारी अकराला 'निघाले' असा मेसेज केलात. त्यांनी पावणेचौदा तास धरले, वर दोन तास उशिराचे, मुंबईहून चार तास रस्त्याचे. सकाळी सात. "घाटात अडकली तर आठ. आपण दहाला काढू," म्हणाले. त्यांच्या हिशेबाने त्यांनी तुम्हाला दोन तास जास्त दिले होते. दहा वाजले आणि तुम्ही आला नाहीत. गोदाआत्या कालपासून घरात चूल नाही म्हणून कुरकुरत होत्याच. त्या म्हणाल्या, "रंगा, पोर यील तवा यील. मढं किती ताटकळत ठिवायचं?" आणि आप्पा उठले.

मी एकदा सांगितलं होतं, ताई. पण हळू आवाजात, आणि एकदाच. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. रुग्णालयातले लोक शवागारात आणखी एक दिवस ठेवायला तयार होते. ते मी विचारून ठेवलं होतं आणि बोलले नाही. घर त्यांचं, बायको त्यांची, मी सून, असं तेव्हा वाटलं. आता ते कारण तपासलं तर फार टिकत नाही.

आप्पा एकोणऐंशीचे झाले. तुमचं नाव निघालं की अजून म्हणतात, "तेरा-चौदा तासांचा रस्ता, बाईसाहेबांना चौतीस तास लागले. स्वस्तातलं तिकीट बघून वळसा घेतला असेल." तुम्ही दोघांनी एकदा बोलावं, एवढंच मला हवं आहे. त्यासाठी काय करता येईल ते मला अजून कळलेलं नाही.

नीरजा

२५ जानेवारी २०२६

ताई,

मेल तुम्ही उघडला की नाही मला कळत नाही. उघडला असं धरून लिहिते.

मागच्या रविवारी जेवताना तोच विमानाचा विषय निघाला. काढला सृष्टीने. ती यंदा दहावीला आहे, बोलायला घाबरत नाही. म्हणाली, "आप्पा, ते थिअरेटिकल असतं. तशी फ्लाइटच नसते."

"तू आधी दहावी हो," आप्पा म्हणाले.

"मी होईन. पण फ्लाइट नसेलच."

संतोष सहसा मध्ये पडत नाहीत, तुमचा भाऊ तुम्हाला माहीत आहे. रोज हडपसरच्या कंपनीतून दोन तास गाडी चालवून येणारा माणूस ताटाकडेच बघतो. त्या दिवशी मात्र म्हणाले, "आप्पा, एवढी खात्री आहे तर तुम्हीच जाऊन या की ताईकडे. पासपोर्ट आहे. आईबरोबर जायचं म्हणून काढला होता, पडून आहे."

आप्पांनी भात कालवला, खाल्ला, पाणी प्यायले. मग म्हणाले, "जातो. सरळ जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढ. मध्ये उतरणार नाही."

संतोष काही बोलणार होते. मी त्यांना खुणेने थांबवलं. मी म्हटलं, "आप्पा, तिकीट तुम्हीच ठरवा. कर्वे रस्त्यावर एक ऑफिस आहे, मी बरोबर येते."

असं विमान नाही हे मला माहीत होतं. पण मी सांगितलं असतं तर सुनेने नणंदेची बाजू घेतली असं झालं असतं, आणि ते आणखी घट्ट झाले असते. त्यांना ते परक्याच्या तोंडून कळावं असं मला वाटलं. एका म्हाताऱ्या माणसाला मी जाणूनबुजून तिथे नेलं, हे चांगलं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

त्या ऑफिसात अभिनव म्हणून एक मुलगा आहे, विशी-पंचविशीतला. आप्पांनी फोन त्याच्यासमोर ठेवला. "हे काढा. एक माणूस. जाऊन येऊन."

त्याने बघितलं. "आजोबा, हे विमान नाहीये."

"तुमच्याकडे नसेल. दुसरीकडे विचारतो."

"दुसरीकडे पण नाहीये. जगात नाहीये. पुण्याहून ऑकलंडला कोणीच सरळ जात नाही."

"मग ही वेळ कुठली छापली आहे?"

"ती कम्प्युटर काढतो. अंतर भागिले वेग. तुम्ही चंद्र टाका, चंद्राची पण काढून देईल."

आप्पांनी फोन उचलून पुन्हा बघितला. "गाडी नाही, चालक नाही, मार्ग नाही, आणि वेळापत्रक आहे?"

"तसंच काहीसं, आजोबा."

"आमच्या वेळी असं कोणी फळ्यावर लिहिलं असतं तर त्याला घरी बसवला असता."

मुलगा हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग लोक जातात कसे?" त्याने स्क्रीन वळवून दाखवली. मुंबई, सिंगापूर, ऑकलंड. एकात मध्ये तीन तास, एकात आठ, एकात अकरा. आप्पांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ऐनवेळी निघालेल्या माणसाला यातलं कुठलं मिळतं?"

"ऐनवेळी? जे उरलं असेल ते. तीन तासांचं आधीच भरतं."

परत आल्यावर आप्पा थेट गॅलरीत जाऊन बसले. संध्याकाळी जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. मीही आग्रह केला नाही.

नीरजा

८ फेब्रुवारी २०२६

ताई,

दोन आठवडे आप्पा फारसे बोलत नव्हते. फिरायला जाऊन येत, पेपर वाचत, गॅलरीत बसत. मी वाचनालयातून घरी आले की माझ्याकडे बघत आणि पुन्हा पेपर धरत. काहीतरी विचारायचं होतं हे दिसत होतं. मीही विचारू दिलं नाही, खरं तर. घाईने स्वयंपाकघरात जात होते.

काल ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "ती सिंगापूरला कितीला उतरली होती?"

मी सांगितलं, आपल्या रात्री दोनच्या सुमाराला.

"आणि तिथून सुटली?"

"सकाळी सव्वादहाला."

त्यांनी मान हलवली. तुमचं विमान सिंगापूरहून हलण्याआधीच आपण आईंना घेऊन निघालो होतो, हे त्यांनी मनात मांडलेलं मला दिसलं. मी पोळी तव्यावरून काढायची विसरले.

"बावीस वर्षांत मी एक गाडी वेळेआधी सोडली नाही," ते म्हणाले. "प्रवासी ओरडायचे, साहेब ओरडायचे. नाही सोडली."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"तू सांगितलं होतंस," ते म्हणाले आणि गेले.

आज सकाळी स्वतः अभिनवकडे जाऊन आले. तुम्ही आलात तोच मार्ग उलट्या बाजूने हवा आहे त्यांना, मध्ये आठ तास थांबणारा. तीन तासांचं तिकीट उपलब्ध आहे आणि थोडं स्वस्तही आहे. नको म्हणाले. संतोष चिडले. "आप्पा, गुडघे, बीपी, आठ तास खुर्चीवर बसणार? कोणाला दाखवायचंय?" आप्पा म्हणाले, "कोणाला नाही. तू तुझी गाडी चालव." डॉक्टरांनी पायात घट्ट मोजे घालायच्या अटीवर परवानगी दिली आहे.

व्हिसासाठी तिथल्या माणसाचं निमंत्रण लागतं. ते मी तुमच्याकडे मागायचं धाडस करत नाही. या घरचे जावई म्हणून आमोदरावांना वेगळा मेल केला आहे. तुम्ही नको म्हणालात तर ते पाठवणार नाहीत, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

नीरजा

२८ फेब्रुवारी २०२६

ताई,

आमोदरावांनी सही केलेला कागद पोचला. बरोबर एक शब्द नव्हता. त्यांचे आभार मानावेत की तुमचे, हे न कळल्यामुळे कोणाचेच मानले नाहीत. आता मानते.

श्राद्ध झालं. धायरीहून गोदाआत्या सकाळीच आल्या. पानं वाढली जात असताना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अस्मी न्हाय आली? वरसाचं हाय आईचं. लेकीला येळ न्हाय व्हय?"

गुरुजी, शेजारचे, संतोषच्या कंपनीतले दोघं, सगळे बसलेले. मी आमटीचं भांडं धरून उभी. आप्पा म्हणाले, "गोदे, ती आली होती. मी थांबलो नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे उशीर तिला झाला नव्हता. गाडी मी आधी सोडली."

आत्यांना काही कळलं नाही. "म्हातारपणी काय खूळ घेतलंय डोस्क्यात," म्हणून त्यांनी ताट पुढे ओढलं.  मी आमटी वाढत पुढे गेले.

हे तुम्हाला सांगावं की नाही याचा मी दिवसभर विचार केला. आप्पांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते. पण ते चार लोकांसमोर बोलले आहेत, तेव्हा ते आता फक्त त्यांचं राहिलेलं नाही असं मी स्वतःला पटवलं. शिवाय, स्वच्छच लिहिते, हे वाचून तुमचं मन थोडं सैल व्हावं असा माझा हेतू आहेच. हेतू ठेवून लिहिलेल्या पत्रावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

नीरजा

१२ एप्रिल २०२६

ताई,

हे वाचाल तेव्हा आप्पा हवेत असतील. कृपा करून हे एक तरी लगेच वाचा.

काल संध्याकाळी मुंबईला सोडलं. विमानतळावर चाकांच्या खुर्चीवरून तमाशा झाला. आपल्याकडची सगळीच मंडळी म्हाताऱ्यांसाठी ती मागवतात, चालता येत असलं तरी. भाषेचा प्रश्न सुटतो, कोणीतरी हात धरून दारापर्यंत नेतं. आप्पा म्हणाले, "मी सिंहगड चढलेला माणूस आहे." संतोष म्हणाले, "कधी? शहात्तर साली?" शेवटी बसले. बसताना माझ्याकडे असं बघितलं की मीच त्यांना म्हातारं केलं.

आज सकाळी नऊला सिंगापूरहून त्यांचा फोन आला. सृष्टीने वायफाय कसं लावायचं ते शिकवलं होतं. ते सांगत होते, त्यांना आणि आणखी आठ-नऊ म्हाताऱ्यांना खुर्च्यांसकट एका रांगेत लावून ठेवलंय. सगळे आपल्याकडचे. गुजराती, तेलुगू, एक नागपूरचं जोडपं. "सगळे बाळंतपणाला चाललेत," म्हणाले. "कोणाच्या लेकीचं, कोणाच्या सुनेचं. पिशव्यांत डिंकाचे लाडू. नागपूरच्या बाईंनी विचारलं, भाऊ, तुम्ही कोणाकडे? मी म्हटलं, मयताला."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ती गप्पच झाली बिचारी. मग मला एक लाडू दिला."

मागे तिथला गोंगाट चालू होता. मी म्हटलं, "आप्पा, चहा घेतला का?"

"इथे बसवत नाही गं," ते म्हणाले. "करायला काही नाही. घड्याळं आहेत सगळीकडे. तीन तास झाले. अजून पाच आहेत. तिने हे कसं काढलं असेल? आई गेलेली, आणि इथे दुकानं चालू, लोक अत्तरं हुंगताहेत."

मग विचारलं, "नीरजा, ती न्यायला येईल का?"

संतोष माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली, म्हणजे खोटं बोलू नकोस. मला तुमच्याकडून काहीच कळलेलं नव्हतं. आमोदराव येतील असं त्यांनी कळवलं होतं. तुमच्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.

"कारण ती येणार नसेल," आप्पा म्हणाले, "तर मी इथूनच परत फिरतो. जावयाला त्रास नको. इथपर्यंत आलो, एवढं पुरे."

मी म्हटलं, "येणार आहेत. ताई येणार आहेत."

"तिने कळवलं?"

"हो."

तुम्ही कळवलेलं नाही. तुमच्या वतीने बोलायचा मला काही अधिकार नव्हता. तुम्ही त्यांना माफ करावं अशी अपेक्षा मी ठेवत नाही, आणि मला तर नाहीच नाही. तुम्ही दारात दिसला नाहीत तर मी खोटं बोलले एवढंच होईल, आणि ते मी त्यांना स्वतः सांगेन. पण एकोणऐंशीव्या वर्षी ते तिथे उतरतील आणि माणसांच्या घोळक्यात तुम्हाला शोधतील. त्या वेळी तुम्हाला हे माहीत असावं की ते का शोधताहेत.

त्यांना दूरचं नीट दिसत नाही. हात वर करावा लागेल.

नीरजा

१९ एप्रिल २०२६

ताई,

तुमचा मेल काल आला. वर्षभरात पहिला. आप्पा पोचले त्या दिवशीच त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "दारातच उभी होती. बराच वेळ उभी असावी, पाय बदलत होती." पुढे काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरी नेऊन तुम्ही त्यांना झोपा म्हणालात आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले, एवढं आमोदरावांनी कळवलं.

तुमच्या मेलमध्ये एकच ओळ आहे. 'आई शेवटी कशी दिसत होती?' हे गेल्या वर्षी घरात कोणीच तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही आलात तेव्हा सगळे आपण का थांबलो नाही हेच सांगत होते. मीसुद्धा.

आठवतं तसं लिहिते. काही तुम्हाला आवडणार नाही.

सकाळी आठला रुग्णालयातून घरी आणलं. दोन तास बाहेरच्या खोलीत होत्या, डोकं खिडकीकडे. नाकात कापूस होता. तोंडाच्या कडेला नळीची चिकटपट्टी लावलेली होती, तिचा काळपट डाग राहिला होता. मी खोबरेल तेलाने पुसला, पूर्ण निघाला नाही. आत्यांनी अंघोळ घालायला मदत केली, मळवट भरला, हिरवी साडी नेसवली. त्यांच्या कपाटातली नव्हे. शेजारच्यांनी घाईने आणलेली, काठ भडक होते. आईंना ती आवडली नसती. रुग्णालयात कोणीतरी केस विंचरताना भांग उजवीकडे पाडला होता. मी मोडून मधोमध पाडला, त्या पाडायच्या तसा. हात गार होते, पण बोटं वळत होती. बांगड्या भरता आल्या.

सगळे म्हणाले, शांत झोपल्यासारख्या दिसताहेत. मला तसं वाटलं नाही. दमलेल्या दिसत होत्या. पाहुणे गेल्यावर खुर्चीत टेकायच्या, ओठ थोडे उघडे, तशा. डावा डोळा पूर्ण मिटत नव्हता. आत्यांनी दोनदा मिटवला, पुन्हा फट राहिली. कोणीतरी म्हणालं, लेकीची वाट बघतेय. मला ते तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. तो डोळा गेली दोन वर्षं झोपेतही तसाच राहायचा, तुम्ही इथे नसल्यामुळे तुम्हाला माहीत नसेल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तसंच होतं.

उजव्या कानात तुम्ही पाठवलेल्या मोत्याच्या कुड्यांपैकी एक होती. दुसरी रुग्णालयात हरवली. मी शोधली, सापडली नाही. ती एक काढून ठेवली आहे. हवी असेल तर कोणाबरोबर तरी पाठवते, नको असेल तर इथे राहील.

उचलायच्या आधी सगळ्यांना पाया पडायला बोलावलं. मी शेवटी गेले आणि थोडा जास्त वेळ थांबले. आत्या म्हणाल्या, "चल गं, खोळंबा हुतोय." तुम्ही पोचणार नाही हे त्या खोलीत मला एकटीला पक्कं माहीत होतं. म्हणून मी तुमच्या वाटचंही बघून घेत होते. कपाळ, कान, हनुवटीखालचा तीळ. जेवढं घेता आलं तेवढं घेतलं.

हे पुरेसं नाही, हे मला कळतं. आणखी काही विचारायचं असेल तर विचारा. आठवत असेल तर लिहीन, आणि जे आठवत नाही ते आठवत नाही असंच लिहीन.

नीरजा